आधी सांगा, त्या खोलीत झोपतं कोण?

(आमच्या स्तंभलेखिका मुलींच्या वसतिगृहात बावीस वर्षं रेक्टर होत्या. घरातल्या न सांगता येणाऱ्या अडचणींची पत्रं त्यांच्याकडे येतात. या खेपेला सगळी पत्रं ढेकणांचीच निवडली आहेत.)

ताई, दोन महिन्यांपूर्वी आमच्याकडे ढेकणांसाठी फवारणी झाली. त्यानंतर एकही दिसला नाही. पण गेल्या आठवड्यात धाकटीच्या दंडावर ओळीने तीन गांधी उठल्या. मिस्टर म्हणतात, डास असेल. माझी मात्र झोप उडाली आहे. ढेकूण हुडकून देणारं यंत्र भाड्याने मिळतं असं कळलं. ते कार्बन डायऑक्साइड सोडतं, गरम होतं आणि ढेकूण आपणहून त्यात येऊन पडतात म्हणे. भाडं आठवड्यावर आहे आणि सहा आठवड्यांच्या भाड्यात नवंच येतं. पलंगाच्या पायांखाली ठेवायच्या प्लास्टिकच्या वाट्याही मिळतात. पण त्या इतक्या स्वस्त आहेत की विश्वास बसत नाही. भाड्याने आणू की विकत घेऊ?

तुम्ही भाड्याचा हिशेब चोख मांडलात. पण तो मांडण्याआधी विचारायचा प्रश्न वेगळाच आहे. ज्या खोलीची शंका आहे त्या खोलीत रात्री कोणी झोपतं का? तुमच्याकडे धाकटी झोपते. मग ते यंत्र भाड्यानेही आणू नका नि विकतही घेऊ नका. वाट्या घ्या, आणि त्या विकतच घ्या.

कारण सांगते. ढेकूण माणसाला शोधतो तो मुख्यतः श्वासावरून आणि अंगाच्या उबेवरून. आपण सोडलेला कार्बन डायऑक्साइड त्याला लांबून कळतो, ऊब अगदी जवळ आल्यावर. यंत्र याच दोन गोष्टींची नक्कल करतं. आता मोठं माणूस स्वस्थ पडलेलं असताना मिनिटाला साधारण २०० मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड सोडतं, तोही रात्रभर न थांबता. त्या माणसाच्या शेजारी नकली माणूस ठेवलात तर ढेकूण खऱ्याला सोडून नकलीकडे का जाईल? उलट वाटी नक्कल करायच्या भानगडीत पडत नाही. तुमच्या मुलीच्या श्वासामागे निघालेला ढेकूण पलंगाच्या पायावर चढायला जातो आणि वाटेत वाटीत पडतो. आमिष घरचंच आहे. ऐकायला बरं वाटत नाही, पण तसंच आहे.

हे मी पैसे घालवून शिकले. खोली क्रमांक ११, चार खाटा. मुलींनी तक्रार केली तशी मी एका पेस्ट कंट्रोलवाल्याकडून असंच यंत्र आठवड्यासाठी आणलं. सुटकेसएवढं धूड, आत छोटा सिलिंडर, खाली सापळ्याची खाच. मुलींना सांगितलं, घाबरू नका, नेहमीसारख्या झोपा. तिसऱ्या दिवशी सकाळी खाचेत दोन ढेकूण! मी विजयी मुद्रेने आमच्या शिपायाला दाखवले. त्याने चिमट्याने एक उचलला, बोटावर घेऊन फुंकर मारली, तर तो उडून गेला. नुसतं सालपट. दुसऱ्याच्या पायांना कसले तरी धागे आणि धूळ. म्हणजे हे दोघं आधीच्या गिऱ्हाइकाकडचे, तिथून मरून आलेले. त्या आठवड्यात आमचा स्वतःचा असा एकही ढेकूण त्यात पडला नाही. त्याच खोलीत खाटांच्या पायांखाली मी वाट्या लावल्या तेव्हा नवव्या रात्री खिडकीकडच्या खाटेच्या डाव्या पायाशी एक सापडला. जिवंत, आणि पोट भरलेला.

मजा पुढे आहे. सुट्टीत मुली घरी गेल्या, खोली रिकामी झाली, तेव्हा तेच यंत्र मी पुन्हा आणलं. या वेळी आधी नीट झाडून, पुसून घेतलं. रिकाम्या खोलीत त्याने सहा रात्रींत पाच पकडले. यंत्र वाईट नव्हतं, मीच त्याला चुकीच्या वेळी बोलावलं होतं.

आता वाट्यांविषयी, कारण त्या स्वस्त असल्यामुळे लोक कशाही लावतात आणि मग "काही उपयोग नाही" म्हणून टाकून देतात. वाटीची बाहेरची भिंत खडबडीत असते, ढेकणाला चढता यावं म्हणून. आतली गुळगुळीत असते, परत चढता येऊ नये म्हणून. आत टाल्कम पावडरचा पुसट हात फिरवायचा. भुरभुरायची नाही, ब्रशने लावून जास्तीची झटकून टाकायची. पलंग भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. चादर, पांघरूण, मच्छरदाणीचं टोक, चार्जरची वायर यातलं काहीही जमिनीला किंवा भिंतीला टेकता कामा नये. एक पांघरूण लोंबलं की ढेकणाला शिडी मिळाली, मग चारही वाट्या नुसत्या शोभेच्या. लावण्यापूर्वी पलंगाचे सांधे आणि गादीची शिवण टॉर्चने बघून घ्या. जे पलंगातच राहतात त्यांना खाली उतरायचं कारण नसतं, ते सगळे वाटीत येतीलच असं नाही.

आणखी एक, हे फार कोणी सांगत नाही. माणसांना चावणाऱ्या ढेकणांच्या दोन मुख्य जाती आहेत, एक थंड-समशीतोष्ण भागातली आणि एक उष्ण प्रदेशातली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की उष्ण प्रदेशातल्या जातीच्या पायांवर चिकटून राहायला मदत करणारे केस जास्त असतात, त्यामुळे ती गुळगुळीत भिंतही चढते आणि अशा सापळ्यांतून निसटू शकते. म्हणून आठवड्याने नाही, रोज सकाळी उठल्या उठल्या वाट्या बघा. पहिला ढेकूण सापडला की मारायची घाई करू नका. त्याच वाटीत पाच मिनिटं सोडून बघा. वर चढून काठाला आला तर पावडर ओली झाली आहे, धुळीने भरली आहे, किंवा वाटीच हलकी आहे. बदला. चढता न येता गोल गोल फिरत राहिला तर वाटी चांगली.

सापडलं ते काय आहे हे ओळखायलाही शिका. पूर्ण वाढलेला ढेकूण जवसाच्या दाण्यासारखा दिसतो: तेवढाच, तसाच चपटा, तसाच तांबूस. अंड्यातून नुकतं निघालेलं पिल्लू मात्र दीड मिलिमीटरचं, फिकट पिवळसर, पांढऱ्या वाटीत दिसतच नाही. रक्त प्यायलं की पोटात लाल ठिपका दिसतो. काळ्या रंगाच्या वाट्या मिळाल्या तर त्या घ्या. मी सापडलेला प्रत्येक किडा पारदर्शक चिकटपट्टीने पांढऱ्या कार्डावर चिकटवायचे आणि शेजारी तारीख, खाट आणि पाय लिहायचे: "खिडकी, डावा, डोक्याकडचा." अशी पाच-सहा कार्डं झाली की ढेकूण कुठल्या कोपऱ्यातून येतात ते आपोआप कळतं. फवारणीवाल्याला ते कार्ड दाखवलं की त्याचाही "सगळीकडे मारून टाकू"चा सूर बदलतो.

आता तुमच्या भाड्याच्या हिशेबाकडे वळू. ढेकणांची अंडी उबदार हवेत ६ ते १० दिवसांत फुटतात. पिल्लाला मोठं होईपर्यंत पाच वेळा कात टाकावी लागते आणि प्रत्येक वेळी आधी रक्त प्यावं लागतं. फवारणीतून चार अंडी सुटली तरी ती पिल्लं मोठी होऊन हिंडायला लागायला काही आठवडे जातात. म्हणून एका रात्रीची रिकामी वाटी काहीच सांगत नाही. शेवटचा ढेकूण सापडल्यापासून सलग आठ आठवडे वाट्या रिकाम्या राहिल्या तर मी सुटकेचा श्वास टाकते. जी वस्तू साठ रात्री घरात बसवून ठेवायची, ती भाड्याने आणून कोणाचंही भलं होत नाही, भाडं देणाऱ्याशिवाय.

आणि धाकटीच्या गांधी? त्यांच्यावरून काही ठरवू नका. ओळीत उठल्या म्हणजे ढेकूणच, असं नसतं. एकाच गादीवर झोपणाऱ्या दोघांपैकी एकाच्या अंगावर गांधी उठतात आणि दुसऱ्याला पत्ताही लागत नाही. काहींच्या अंगावर तर त्या दोन-चार दिवसांनी उमटतात. मिस्टरांचं बरोबर असू शकतं. वाट्या सांगतील.

माझ्याकडे सामानासकट भाड्याने द्यायच्या तीन खोल्या आहेत. एक भाडेकरू गेल्यावर दुसरा येईपर्यंत आठ-दहा दिवस खोली रिकामी असते. मागच्या खेपेला नव्या भाडेकरूने आल्या आल्या ढेकूण दाखवला, फार लाजिरवाणं झालं. माझ्यासाठी वाट्या की यंत्र?

तुमच्यासाठी यंत्र, आणि भाड्याने. तुमची खोली रिकामी आहे, तिथे वाटीला आमिषच नाही. नकली माणसाचं काम इथे आहे.

पण पहिल्या रात्रीवर भरवसा ठेवू नका. जाणारा भाडेकरू जाण्याच्या आदल्या रात्रीपर्यंत तिथे झोपलेला असतो, म्हणजे ढेकणांची पोटं भरलेली. भरल्या पोटी ते आठवडाभरही दडून राहतात. खोली बंद करा, दोन-तीन दिवस थांबा, मग यंत्र लावा आणि पाच-सहा रात्री ठेवा. मधल्या काळात कोणालाही तिथे झोपवू नका, "फक्त एक रात्र पाहुणा" म्हणूनसुद्धा नाही.

यंत्र घेताना माझ्या ११ नंबरची आठवण ठेवा. ही वस्तू ढेकणांच्याच घरांतून फिरत असते. ती बंद पिशवीतून आली पाहिजे. पिशवी खोलीत उघडू नका, बाथरूममध्ये फरशीवर पांढरी चादर अंथरून उघडा. खाचा, जाळी, रबरी पाय, वायर गुंडाळायची जागा, सगळीकडे टॉर्च मारा. देणाऱ्याच्या समोरच रिकाम्या खाचेचा फोटो काढा. नाहीतर परत देताना आधीचं सालपट तुमच्या नावावर आणि डिपॉझिट त्याच्या खिशात. माझं असंच गेलं. चार फोन केले, पाचव्यांदा सोडून दिलं.

आमिषाची पुडी सीलबंद आणि ताजी आहे ना, सिलिंडर भरलेला आहे ना, हेही पाहा. वास उडालेलं आमिष म्हणजे नुसता पुठ्ठा. ही आमिषं कशी तयार होतात त्याची एक हकिगत सांगितल्याशिवाय राहवत नाही. कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठातल्या रेजिन ग्रीस यांनी ढेकणांना एकत्र खेचणारा वास शोधण्यासाठी प्रयोगातल्या ढेकणांना वर्षानुवर्षं आपल्याच हातावर रक्त पाजलं, दीड लाखाहून अधिक चावे घेतले. त्या संशोधनातून कळलं की हवेत उडणारे काही घटक ढेकणांना आडोशाकडे बोलावतात आणि तिथे पोचलेल्यांना हिस्टामिन नावाचं रसायन धरून ठेवतं. हे समजल्यापासून कोणी दोन चाव्यांवरून रडायला लागलं की मला त्या बाई आठवतात.

विकत कधी घ्यायचं? वर्षातून तुमच्या तीन खोल्या मिळून यंत्राचं भाडं त्याच्या किमतीच्या वर जात असेल तेव्हा. पण त्यात सिलिंडर आणि आमिष धरा, ते विकतच्या यंत्रालाही पुन्हा पुन्हा लागतं. हे धरलं की पहिल्या पत्रातल्या बाईंचे सहा आठवडे बरेच लांबतात. मी तुमच्या जागी असते तर पहिलं वर्ष भाड्याने काढलं असतं.

कोणी सिलिंडरऐवजी कोरडा बर्फ ठेवायला सांगेल. युक्ती म्हणून ती चालते, पण बंद खोलीत तो वायू साठून माणसाचा जीव गुदमरू शकतो आणि उघड्या हाताने उचललात तर कातडी भाजल्यासारखी होते. नकोच.

आमच्या संकुलात ढेकूण हुंगणारा कुत्रा आणणार आहेत. एका फेरीचं शुल्क सगळ्यांनी वाटून भरायचं. "९७ टक्के अचूक" असं पत्रकावर छापलंय. भरू का?

तो आकडा हवेतला नाही, पण अर्धाच आहे. २००८ साली फ्लोरिडा विद्यापीठाच्या प्रयोगात शिकवलेल्या कुत्र्यांनी ढेकूण आणि इतर किडे ९७.५ टक्के अचूक वेगळे ओळखले होते. मात्र तिथे ढेकूण कुठे लपवलेत हे प्रयोग करणाऱ्यांना आधीच माहीत होतं. २०१४ साली रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी धंद्यातल्या पथकांना खऱ्या राहत्या घरांमध्ये तपासलं, तेव्हा ढेकूण असलेली घरं सरासरी ४४ टक्केच सापडली. कुठलं पथक १० टक्क्यांवर, कुठलं १००वर. शिवाय ढेकूण नसलेल्या घरांपैकी सरासरी १५ टक्के घरांत कुत्र्याने "आहे" म्हणून सांगितलं.

म्हणजे तुम्ही भाडं कुत्र्याचं देत नाही, त्या विशिष्ट जोडीचं देता: कुत्रा आणि त्याला फिरवणारा. आमच्याकडे एकदा आला होता, गोड जनावर. एका कपाटापुढे टेचात बसला. आम्ही ते कपाट फळी फळी सुटं केलं, पाठीचा प्लाय काढला, काही नाही. फिरवणारा म्हणाला, "वास राहिला असेल." असेलही. पण मीच त्याला दारात सांगितलं होतं की मला त्या कपाटाचा संशय आहे. कुत्रा मालकाच्या चेहऱ्याकडे बघून बसला की नाकाने बसला, ते आता कोण सांगणार.

पुष्कळ घरं एका दिवसात चाळून घ्यायची असतील तर कुत्र्याइतकं वेगवान दुसरं काही नाही, तेव्हा भरा. तुमची शंका आधी सांगू नका. कुत्रा जिथे बसेल तिथे टॉर्च मारून किडा, अंडी किंवा कात दाखवायला लावा. नुसत्या बसण्यावर फवारणी होऊ देऊ नका.

उष्णता दाखवणारा कॅमेरा भाड्याने मिळतो. त्यात भिंतीतले ढेकूण दिसतील का? आणि मोबाईलवर ध्वनिलहरी सोडून ढेकूण बाहेर काढणारं ॲप खरं असतं का?

नाही, आणि नाही. ढेकणाला स्वतःची ऊब नसते, तो ज्या लाकडावर बसतो त्याच तापमानाचा असतो. खोली तापवून ढेकूण मारणारे लोक हा कॅमेरा वापरतात, पण तो कुठला कोपरा थंड राहिला ते बघायला. ध्वनिलहरींचं तर जुनंच आहे. २००१ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने असली कीटक पळवणारी यंत्रं बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या साठाहून जास्त जणांना ताकीद दिली होती. त्या पैशांत चांगल्या पांढऱ्या उजेडाचा टॉर्च, एक भिंग आणि फटीत सारायला जुनं प्लास्टिकचं कार्ड घ्या. गादीच्या शिवणीवर स्केचपेन टेकवल्यासारखे काळे ठिपके दिसले तर ओल्या बोळ्याने पुसून बघा. तांबूस-तपकिरी फराटा उठला तर ती ढेकणाची विष्ठा असण्याची शक्यता दाट.

आमचे ढेकूण गेले, तीन महिने वाट्या रिकाम्या आहेत. शेजारच्या वहिनी त्या वाट्या मागतायत. द्याव्यात का?

देऊ नका. परत घेताना काय काय येईल सांगता येत नाही, आणि तुमच्या पलंगाखाली त्या अजून काही दिवस असलेल्याच बऱ्या. वहिनींना चार नव्या आणून द्या. देताना आमच्याकडेही झाले होते, हे सांगून टाका, म्हणजे त्या मोकळेपणाने बोलतील. माझ्याकडे मुली चौदा दिवस खाजवत बसायच्या पण सांगायच्या नाहीत, कारण पहिलं नाव आपलं यायला नको.

ढेकूण भिंतीतल्या फटींतून आणि वायरींच्या नळ्यांतून शेजारी जातात. तेव्हा वाट्या द्यायला जाल तेव्हा त्यांचा पलंग तुमच्याच भिंतीला लागून आहे का, ते बघून या.